शिवण कुठे होती

कर्मिसचा, म्हणजे सुगीच्या जत्रेचा, रविवार गावाचा आणि सोमवार घरचा, अशी रेनियरांकडे पहिल्यापासूनची वाटणी होती. रविवारी दोनशे माणसं जेवून गेली, बँड वाजला, फादरनी पिकाला आशीर्वाद दिला आणि नॉर्बर्ट रेनियर बहात्तराव्या वर्षी लागोपाठ तीन पोल्का नाचून गुडघा चोळत बसला. सोमवारी फक्त उरलेलं संपवायचं. उरलेलं म्हणजे आलुबुखाराच्या अकरा पाई, बिअरचं अर्धं पिंप आणि बूया, म्हणजे कोंबडी-भाज्यांचा दाट रस्सा. त्यातली बूया खरं तर उरलेली नसायचीच. आपल्या हंड्यात काही उरलं ही गोष्ट क्लेटस काकाला मान्य नव्हती, म्हणून तो सोमवारी भल्या सकाळी लहान हंडा नव्याने चढवायचा आणि दुपारी तोच रस्सा उरलेला म्हणून सगळ्यांना वाढायचा.

यंदाच्या सोमवारी हंड्याभोवती एक माणूस जास्त होता, आणि त्याचं तिथे असणं हीच घरातली वाईट बातमी होती. नॉर्बर्टचा मुलगा एमिल गेल्या सोळा वर्षांत कर्मिसला आला नव्हता. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा किकर, म्हणजे लाथेने चेंडू दोन खांबांमधून धाडणारा खेळाडू, ऐन हंगामात, सप्टेंबरात घरी असतो तो दोनच कारणांनी. एक तर पाय मोडलेला असतो, नाहीतर संघाने काढलेलं असतं. एमिलचा पाय धडधाकट होता.

"तीन चुकले म्हणून माणसाला काढतात?" क्लेटस काका होडीच्या वल्ह्याने हंडा ढवळत म्हणाला. "माझ्या हंड्यात वर्षातून तीनदा मीठ जास्त पडतं."

"तीनदाच?" कोलेट म्हणाली.

ती बाजूच्या बाकावर बसून उकडलेल्या कोंबड्यांची हाडं काढत होती. एमिलची ही बहीण त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. साठ गाई, चेरीची बाग आणि बाप हे तिन्ही तिच्या गळ्यात होते. नवरा कामासाठी म्हणून मिलवॉकीला गेला तो तिकडचाच झाला, त्याला आता नऊ वर्षं झाली होती, आणि त्याच्याबद्दल ती गाईंपेक्षा कमी बोलायची. तिच्या उजव्या हाताची तर्जनी शेवटच्या पेरात वाकडी होती. ती एमिलने मोडली होती, तो अकरा वर्षांचा असताना, कारण चेंडू धरायचा तिने आणि मारायचा त्याने. लांबट अंडाकृती चेंडू जमिनीवर उभा करायचा, वरच्या टोकावर एक बोट ठेवायचं, आणि पांढऱ्या दोऱ्यांची शिवण खांबांकडे वळवायची. शिवण मारणाऱ्याच्या पायाकडे राहिली तर चेंडू वाट्टेल तिकडे जातो. धरणाऱ्याचं पाप काय ते एवढं एकच, आणि तीस वर्षांत कोलेटने ते एकदाही केलं नव्हतं.

एमिल पायरीवर बसून पाई खात होता. उजव्या पायाचा बूट त्याने गरम पाण्याच्या घमेल्यात भिजत घातला होता. तो बूट डाव्यापेक्षा दोन नंबर लहान होता. किकरांची ही एक तऱ्हाच. पाय बुटात कोंबला की चेंडू नीट लागतो म्हणे. घरात एकेकाळी त्याच्या दोन मापांच्या जोडांतले उरलेले बूट इतके साठले होते की गावातल्या लंगड्या जोसेफ मासारला वीस वर्षं बूट विकत घ्यावे लागले नव्हते.

"टूसॉनवाले नक्की काय म्हणाले?" नॉर्बर्टने चौथ्यांदा विचारलं.

"त्यांच्या किकरची मांडी भरून आलीय. मंगळवारी चौघांना बोलावलंय. एकाला ठेवणार."

मंगळवार हा शब्द रेनियरांच्या घरात नुसत्या वाराचा राहिला नव्हता. संघांना किकर बदलायचा असला की ते मंगळवारी बेकार किकरांना बोलावतात, रांगेत उभं करतात, वीस-वीस चेंडू मारायला लावतात, एकाला ठेवतात आणि बाकीच्यांना सँडविच देऊन विमानात बसवतात. एमिलने आयुष्यात असे नऊ मंगळवार केले होते. कॉलेजातून बाहेर पडल्यावर त्याला कुणी घेतलं नाही, तेव्हा दोन वर्षं तो गोठे रंगवायचा आणि दर सोमवारी फोनकडे बघत बसायचा. चौथ्या मंगळवारी काम लागलं. मग सोळा हंगाम, पाच संघ, अकरा भाड्याची घरं. त्यातला ओमाहाचा संघ शेवटचा. तिथे त्याचे गेल्या दोन सामन्यांत तीन चेंडू उजव्या खांबाला लागून बाहेर पडले, आणि मागच्या सोमवारी सकाळी त्याला कपाट रिकामं करायला सांगितलं.

"मग जायचं," नॉर्बर्ट म्हणाला. "अडीचचं विमान आहे ना? एक वाजता निघू. मी गाडी काढतो."

"तुम्ही गाडी काढलीत तर तो बुधवारी पोहोचेल," क्लेटस काका म्हणाला. "आणि कशाला जायचं? एकोणचाळीस वर्षांचा घोडा झालाय. इथे हंडा सांभाळायला माणूस नाही. माझे खांदे गेलेत. हे वल्हं मी मेल्यावर काय फादरच्या हातात देऊ?"

"काका, तो सोळा वर्षं खेळलाय," टॅमरा म्हणाली. ती एमिलची बायको, दक्षिणेतली, अलाबामाची. बूयात भेंडी का घालत नाहीत हा प्रश्न तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारला होता आणि काकाने तो अजून मनात ठेवला होता. "सोळा वर्षं खेळलेल्या माणसाला हंडा ढवळ म्हणता?"

"मी बावन्न वर्षं ढवळतोय. मला कुणी काही म्हणालं?"

"मला काही म्हणायचंय," एमिल म्हणाला.

एमिल फारसा बोलायचा नाही. वार्ताहरांना त्याच्याकडून गेल्या सोळा वर्षांत एकच वाक्य मिळालं होतं. चेंडू चुकला की तो म्हणायचा, "पकड चांगली होती, चूक माझी." बर्फातल्या एका उपांत्य सामन्यात धरणाऱ्याने शिवण सरळ त्याच्या पायाकडे ठेवली होती, साऱ्या देशाने ती पाहिली होती, तरी एमिल नाकावरचं बर्फ पुसत तेच म्हणाला होता. त्या दिवशी कोलेटने टीव्हीला शिव्या घातल्या होत्या.

"मागच्या शेतात दहा चेंडू मारतो," तो म्हणाला. "आजोबांचा दगड आहे तिथून. आठ आत गेले तर टूसॉन. नाही गेले तर एजंटला फोन करून सांगतो की संपलं. मग पुन्हा कुणी विषय काढायचा नाही."

"चाचणी तर उद्या आहेच," टॅमरा म्हणाली. "आज कशाला?"

"उद्याची त्यांची. आजची माझी."

कोलेटने बापाकडे पाहिलं. नॉर्बर्ट आता गुडघा आपटून हरकत घेणार, पोराला वेड लागलंय म्हणणार, असं तिला वाटलं. जा म्हणणाऱ्यांत त्याचाच आवाज सर्वांत मोठा होता. पण नॉर्बर्ट म्हणाला, "ठीक आहे. अकरा वाजता," आणि बिअरच्या पिंपाकडे वळला. कोलेटच्या हातातलं हाड हातातच राहिलं. म्हातारा तोंडाने जा म्हणत होता आणि मनातून क्लेटसच्या बाजूला जाऊन बसला होता. त्याच्याशिवाय हे फक्त तिलाच कळू शकत होतं, कारण मागच्या शेतातल्या खांबांचं गुपित त्या दोघांतच होतं.

*

"तुझं काय मत आहे ते एकदा सांगून टाक," टॅमरा म्हणाली.

दोघी उन्हाळी स्वयंपाकघरात पाई कापत होत्या. बाहेर काका गाजरांवरून कुणाला तरी झापत होता.

"मला काय, मला दूध काढायचंय."

"कोलेट."

"तो राहिला तर बरं वाटेल मला," कोलेट म्हणाली, आणि बोलल्यावर तिला स्वतःचाच राग आला. "खूप बरं वाटेल. मी थकलेय. बाबा रात्री दोनदा उठतात. ओझ्याचं गाढव झालेय मी या घराचं, सगळं माझ्या पाठीवर. म्हणून माझं मत घेऊ नकोस. माझं मत स्वार्थी आहे."

टॅमराने सुरी खाली ठेवली. "मला वाटतं त्याला जायचंय. म्हणून मी जा म्हणते. मला स्वतःला विचारशील तर सामानाची खोकी बघितली की वीट येतो. पण त्याने दुसरं काय केलंय आयुष्यात? त्याला थांबायला लावलं असं मला माझ्या नावावर नको."

ती खरं बोलत होती हे कोलेटला दिसत होतं, आणि त्यामुळेच अवघड झालं. टॅमरा नुसती भांडली असती तर कोलेट गप्प बसली असती. तिने दाराकडे एकदा बघून घेतलं.

"ते मागचे खांब आहेत ना," ती म्हणाली. "ते मापाचे नाहीत."

"म्हणजे?"

"खरे खांब साडेअठरा फुटांवर असतात. आपले पंधरावर आहेत."

मग तिने सगळं सांगितलं. एमिल नऊ वर्षांचा असताना नॉर्बर्टने ते खांब उभे केले, शाळेच्या मापाने, तेवीस फुटांवर. डावा जमिनीत पुरला. उजवा सिमेंटच्या ठोकळ्यात रोवून नुसता ठेवला, आणि दोघांच्या मध्ये दहा फूट उंचीवर दोरी ताणली. दर वर्षी थंडी सरली की बर्फाने खांब हलला म्हणत नॉर्बर्ट ट्रॅक्टर काढायचा आणि उजवा खांब फूटभर आत ओढायचा. टेपचं दुसरं टोक धरायला कोलेट. तिला बजावलेलं असायचं, पोराला बोलायचं नाही. स्टेडियमात ऐंशी हजार माणसं ओरडतात, तिथे दार आपोआप लहान दिसतं, त्याला आत्ताच सवय होऊ दे. एमिलला वाटायचं, हिवाळ्यात आपला पाय गंजला. मग तो एप्रिल-मे नुसता राबायचा. आठ वसंत असे गेले, आणि नवव्या वर्षी तो कॉलेजात गेला.

टॅमरा ऐकताना हसायला लागली होती, पण मध्येच थांबली. "आणि आज तो त्याच पंधरा फुटांत मारणार? ओमाहाचे तिन्ही चेंडू वीतभराने चुकले होते. इथे तर चार-पाच चुकतील."

"हो."

"तुझ्या बाबांना हे माहीत आहे."

"बाबा अकरा वाजता म्हणाले, ऐकलंस ना."

टॅमराने पाईचा एक तुकडा बशीत ठेवून कोलेटकडे सरकवला आणि दुसऱ्या पाईला सुरी लावली. तिने विनवणी केली असती तर नाही म्हणता आलं असतं. कोलेटने हात पुसले, गोठ्याकडे गेली आणि ट्रॅक्टर सुरू केला. शेतावर सकाळी ट्रॅक्टर वाजला तर कुणी मान वळवून बघत नाही. तिने खांबाला साखळी बांधली, साडेतीन फूट बाहेर ओढला, टेप लावून बघितलं, दोरी पुन्हा ताणली. वेळ लागला तो पंचवीस मिनिटांचा. त्या पंचवीस मिनिटांत तिला एकदाही आनंद झाला नाही. आपण भावाला स्वतःच्या हाताने दाराबाहेर काढतोय असंच वाटत राहिलं.

*

अकरा वाजता सगळं खटलं मागच्या शेतात आलं. शेवटची कापणी झालेल्या लसूणघासाचं शेत, पलीकडे सायलो, आणि उपसागरावरून येणारा थोडा वारा, डावीकडून उजवीकडे. चुलत भावंडं गवताच्या गाडीवर चढून बसली. क्लेटस काकाने झाकण आणि डाव आणला होता. चेंडू आत गेला की तो एकदा वाजवणार होता, बाहेर गेला तर दोनदा. हंड्यापाशी कोण आहे असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्याने दर दहा मिनिटांनी एकेका पुतण्याला पिटाळायची व्यवस्था केली.

नॉर्बर्ट आजोबांच्या दगडामागे दहा-बारा पावलांवर खुर्ची टाकून बसला. चष्मा पुसून त्याने नाकावर ठेवला आणि खांबांकडे बराच वेळ बघितलं.

"सकाळी ट्रॅक्टर इकडे कशाला आणला होतास गं?" त्याने विचारलं.

"गवत कापायला."

"गवत आहे तिथेच आहे."

"मग कापलं नसेल," कोलेट म्हणाली.

आजोबांचा दगड खांबांपासून अठ्ठेचाळीस यार्डांवर होता. कोलेट त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसली. तिचा डावा गुडघा आता कुरकुरायचा. एमिलने ओला बूट ओढून चढवला, तीन पावलं मागे गेला, दोन पावलं डावीकडे, हात सैल सोडले आणि मान हलवली. तिने चेंडू उभा केला, बोट ठेवलं, शिवण फिरवली. धप्प असा तो जुना आवाज झाला, आणि काही झालं तरी तो आवाज ऐकून तिला बरंच वाटलं.

पहिला आत. दुसरा मधोमध. तिसरा वाऱ्याने ओढून बाहेर नेला, काकाने झाकण दोनदा बडवलं आणि टॅमराने तोंड फिरवलं. चौथा आत, पाचवा आत.

सहावा उजव्या खांबाच्या आतून दोन-अडीच हात अंतरावरून गेला. कालपर्यंत तो खांब जिथे होता तिथे असता, तर हा चेंडू खणकन आपटून खाली पडला असता. गाडीवरून टाळ्या वाजल्या. कोलेटने वर पाहिलं तर एमिल चेंडूकडे बघतच नव्हता. तो कान देऊन उभा होता, आणि आवाज आला नाही तसा त्याचा चेहरा उतरला. घाबरला असेल, असं तिला वाटलं.

सातवा आत. आठवा दोरीखालून गेला, अगदीच आखूड.

"मांडी धरली का रे?" नॉर्बर्टने मागून विचारलं.

"नाही. पाय घसरला." तो बुटाचं टोक पॅंटला पुसत कोलेटजवळ आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "खांब हललाय."

"कुठला?"

"उजवा. तीन-साडेतीन फूट असेल."

कोलेटच्या हातातून चेंडू निसटला. "तुला माहीत होतं?"

"कॉलेजच्या पहिल्या नाताळात टेप लावली होती मी. पंधरा भरले. बर्फात एकटाच हसत बसलो होतो."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"काय बोलू? त्या पंधरा फुटांवर सोळा वर्षं जेवलोय. बाबांना वाटत होतं आपण मला फसवलं, वाटू दे की. त्यात ते खूश होते."

"मग आज इथेच मारायचं का काढलंस? पंधरा फुटांत आठ कसे जाणार होते?"

एमिल बुटाचं टोक पुसतच राहिला, जिथे पुसायला काही उरलं नव्हतं. आणि कोलेटला एकदम सगळं कळलं. सहाव्या चेंडूला त्याने कान कशासाठी दिले होते, ते कळलं. तो इथे खांबाचा खणखणाट ऐकायला आला होता. घरच्यांच्या देखत तीन-चारदा चुकायचं, पेपरात कुणी छापणार नाही अशा जागी, आणि मग कुणीतरी बस झालं म्हणायचं. त्याला स्वतःच्या तोंडाने ते म्हणता येत नव्हतं. बायको त्याच्यासाठी सोळा वर्षं जगाशी भांडत होती. बापाने त्याच्यासाठी आठ वर्षं खांब ओढला होता. अशा माणसांना आता मला नको झालंय हे सांगायचं कसं? आणि मी शहाणी, कोलेट मनात म्हणाली, मी सकाळी उठून दार सताड उघडून ठेवलं.

"मुद्दाम चुकव मग," ती पुटपुटली.

"येत नाही गं. काल गोठ्यामागे दोन काठ्या रोवून बघितलं. सगळे आत जात होते."

तिला हसू आलं. एकोणचाळीस वर्षांचा हा माणूस, आणि खोटं त्याला तोंडानेही बोलता येत नव्हतं आणि पायानेही.

"तुमच्या गप्पा झाल्या असतील तर बूया करपतेय," काका ओरडला.

नववा आत गेला. काकाने झाकण एकदा वाजवलं आणि उठून उभा राहिला. "सात झाले, दोन गेले. आता हा आत गेला तर टूसॉन, बाहेर गेला तर माझा हंडा. मी बोलत नाही. मी फक्त सांगतोय."

टॅमरा गाडीवरून खाली उतरली होती. तिने दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते.

एमिल तीन पावलं मागे गेला, दोन पावलं डावीकडे. हात सोडले. कोलेटने चेंडू उचलला. तिची बोटं शिवणीवर आपोआप गेली, ती नेहमीच जायची, झोपेतही गेली असती. चेंडू फिरवायला अर्धा क्षण लागतो. तीस वर्षं ती तो अर्धा क्षण विचार न करता वापरत आली होती. आज पहिल्यांदा तिने विचार केला.

तिने चेंडू उभा केला. वाकडं बोट वर ठेवलं. शिवण तिने फिरवली नाही. पांढऱ्या दोऱ्या सरळ एमिलच्या पायाकडे राहिल्या. मग तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

त्याने शिवण बघितली. सोळा हंगाम खेळलेल्या किकरला ती न दिसणं शक्यच नव्हतं. त्याला हात वर करून थांबता आलं असतं, ए, नीट धर, म्हणता आलं असतं. लहानपणी चेंडू जरा कलला तरी तो म्हणायचा. तो एक श्वासभर तसाच उभा राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि आला.

आवाजच वेगळा झाला. चेंडू वेडावाकडा फिरत वर गेला, खांबांच्या दिशेने निघाला, आणि मध्येच उजवीकडे कलत कलत थेट खांबावर आदळला. खणखणाट साऱ्या शेताला ऐकू गेला. खांब सिमेंटच्या ठोकळ्यासकट थरथरला आणि चेंडू लसूणघासात पडला.

काकाचं झाकण वाजलं नाही. त्याने डाव खाली धरला होता. इतके दिवस ज्याची वाट बघत होता ते झाल्यावर त्याला ते वाजवावंसं वाटलं नाही.

"धरण्यात गडबड झाली," गाडीवरून एक चुलतभाऊ म्हणाला. "मला दिसलं. कोलेटने नीट धरला नाही. अजून एक मारायला द्या."

"हो, माझ्याच हातून..." कोलेट उठू लागली, पण एमिलने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"पकड चांगली होती," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "चूक माझी."

कोलेटने मान खाली घातली. हे वाक्य तिने टीव्हीवर शंभर वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी ते ज्याच्यासाठी होतं त्या अनोळखी माणसाचा तिला हेवा वाटला होता.

टॅमरा धावत आली ती त्याला सावरायला. दोन पावलांवर येऊन तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिथेच थांबली. एमिल गवतात बसून बूट काढत होता. दोन नंबर लहान बूट पायातून निघेना, तेव्हा तीच खाली बसली आणि टाच धरून ओढायला लागली. बूट एकदम निघाला आणि ती पाठीवर पडली. मग ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

"खोकी उघडू?" तिने विचारलं.

"उघड."

"सगळी?"

"सगळी. ओमाहाच्या आधीचीसुद्धा."

काका पुढे आला. त्याने डाव बगलेत मारला आणि एमिलला हात देऊन उठवलं. "आज फक्त ढवळायचं," तो म्हणाला. "तळ लागता कामा नये. मीठ मी बघेन. मीठ तुला दहा वर्षांनी." टॅमराकडे वळून तो जरा घुटमळला. "आणि भेंडी नाही."

"मी काही बोलले का?" टॅमरा म्हणाली.

सगळे हंड्याकडे निघाले. एमिल एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत मध्ये चालला होता, आणि दोन पुतणे त्याला विचारत होते की ऐंशी हजार माणसं ओरडतात तेव्हा ऐकू काय येतं. नॉर्बर्ट खुर्चीतून उठला नव्हता. कोलेट लसूणघासातून चेंडू घेऊन परत आली, तेव्हा शेतात ती दोघंच होती.

बापाने चेंडू मागितला. तो हातात फिरवून त्याने पांढऱ्या दोऱ्यांवरून अंगठा फिरवला. तो बरोब्बर तिच्या पाठीमागे बसला होता, दहा-बारा पावलांवर. त्याचा चष्मा मागच्याच महिन्यात नवा केला होता.

"कोलेट," तो म्हणाला, "शेवटच्या चेंडूला शिवण कुठे होती?"

"खांबांकडे, बाबा."

नॉर्बर्टने चेंडू तिच्या हातात परत दिला.

"हं," तो म्हणाला. "मलाही तशीच दिसली." आणि त्याने चष्मा काढून घडी करून खिशात ठेवला.